चेनसॉचा झिजलेला क्लच कसा बदलायचा (स्टिल एमएस १८०)

इंजिन ओरडतंय, पण लाकडात पाती टेकवली की साखळी थांबते, जळका वास येतो. अशा वेळी क्लचचे शू, म्हणजे रेस दिली की बाहेर फाकून ड्रमला (साखळी फिरवणाऱ्या वाटीला) पकडणारे तुकडे, झिजलेले असतात. मोकळ्या चालीवरही, म्हणजे रेस न देता, साखळी फिरत राहिली तर स्प्रिंगा सैल पडल्यात, नीडल बेअरिंग कोरडं झालंय किंवा चाल जास्त ठेवली आहे. नवा क्लच आणण्याआधी चालीचा स्क्रू (‘एलए’) तपासा, त्याला पैसे लागत नाहीत.

इंजिन थंड होऊ द्या, प्लगची वायर काढा. साखळीचा ब्रेक मोकळा करा, म्हणजे पुढची कडी हँडलकडे ओढा. ब्रेकचा पट्टा ड्रमवर आवळलेला असेल तर ड्रम निघत नाही, आणि बरेच जण इथेच हातोडा उचलतात. १३ च्या पान्याने कव्हर उघडून पाती आणि साखळी बाजूला ठेवा.

आता पिस्टन अडकवायचा, म्हणजे क्लच सोडवताना क्रँक (इंजिनचा दांडा) सोबत फिरणार नाही. प्लग काढून स्टार्टरचा दोरा हळूहळू ओढा. पिस्टन वर चढताना सायलेन्सरकडचं भोक झाकलं गेलं की थांबा आणि प्लगच्या भोकातून जाड नायलॉन दोरी वीतभर आत भरा. शेपूट बाहेर राहू द्या. भोक उघडं असताना दोरी भरली तर ती त्यात शिरून कापली जाते आणि तुकडे आत राहतात. पिस्टनवर स्क्रूड्रायव्हर टेकवायची युक्ती मात्र सोडा, पिस्टनच्या डोक्याला खड्डा पडतो.

ड्रमवरची ई-क्लिप फडक्याखाली धरून काढा, नाहीतर उडून हरवते. वॉशर, ड्रम आणि बेअरिंग पाठोपाठ निघतं. मागे क्लच दिसेल, त्याची बाहेरची बाजू कोणती ते फोटो काढून ठेवा. त्याला १९ चा पाना लावून घड्याळाच्या दिशेने फिरवा. आटे उलटे आहेत. नेहमीच्या सवयीने फिरवलं तर तो आणखी आवळतो.

ड्रम नीट पाहा. आत निळसर डाग, चर किंवा तडा असेल तर तोही बदला. नवे शू जुन्या चरांवर लवकर खलास होतात. स्प्रॉकेटच्या दातांवर साखळीच्या खुणा ०.५ मिमीपेक्षा खोल गेल्या असतील तरी ड्रम गेलाच, कारण दोन्ही एकाच तुकड्यात आहेत. स्प्रिंग एकटी बदलू नका, सगळ्या एकदम.

बसवताना दोरी आधी पूर्ण बाहेर काढा. क्रँक घड्याळाच्या उलट फिरवून पिस्टन पुन्हा वर आणा, भोक झाकलं की दोरी परत भरा आणि क्लच त्याच उलट दिशेने आवळा. चालू इंजिन त्याला स्वतःच घट्ट करत राहतं, म्हणून आट्यांना चिकटद्रव्य लावू नका. बेअरिंगला चिमूटभर ग्रीस पुरे. जास्त झालं तर ते उडून शूला लागतं आणि नवा क्लचही घसरतो.

ड्रम चढवताना त्याच्या खाचेत तेलपंपाची तार बसली पाहिजे. नाही बसली तर साखळीला तेल जाणार नाही आणि पाती जळेल. क्लिप, कव्हर, साखळीचा ताण, मग प्लग. कव्हर लावल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. मोकळ्या चालीवर साखळी फिरलीच तर ‘एलए’ स्क्रू ती थांबेपर्यंत डावीकडे वळवा, वर आणखी थोडा.

क्लच पुन्हा लवकर गेला तर दोष बहुधा बोथट साखळीचा, किंवा ब्रेक लावून रेस देण्याच्या सवयीचा असतो.