गाडीने फिरायला जाताय? खाण्यावरचा खर्च असा वाचवा

आमचे तरी ट्रिपमध्ये जेवणापेक्षा मधल्या चटरपटर खाण्यावरच जास्त पैसे उडायचे, पोरांना भूक लागली की गाडी थांबवा, मग चिप्स, कोल्ड्रिंक, पाण्याच्या बाटल्या असं करत बिल वाढतच जातं. म्हणून सकाळीच प्रत्येकाचा खाऊचा वेगळा डबा भरून हातात द्या, भांडणंही कमी होतात. आईसबॉक्समध्ये बर्फाऐवजी रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा (काठोकाठ भरू नका हं, गोठताना पाणी फुगतं आणि बाटली फुटते), वितळलं की तेच पाणी प्यायला होतं. शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांच्या वर ठेवायचं नाही, कडक उन्हात तर १ तासच. रूम बुक करताना छोटं किचन आहे का ते आधी विचारा.