भिडलेल्या दीर्घिकांचे फोटो काढायचेत? एम ५१ पासून सुरू करा

दुर्बीण नवीन घेतलीय आणि एकमेकींना ओढणाऱ्या दीर्घिका टिपायच्यात, तर सरळ एम ५१ ही जोडी घ्या. सप्तर्षीच्या शेपटीच्या टोकाला मरीची, तिथून साधारण साडेतीन अंशांवर, त्यामुळे पटकन सापडते. मोठी सर्पिल दीर्घिका आणि तिला खेटून छोटी एनजीसी ५१९५. छोटी जरा मागे आहे, म्हणून मोठीच्या हातातली काळी धूळ तिच्यावरून गेलेली फोटोत चक्क दिसते, आणि ती पहिल्यांदा स्वतःच्या फोटोत दिसली की खरंच वेड लागतं. लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये ७२ इंची दुर्बिणीतून बघून हिचे सर्पिल हात कागदावर काढले होते, आज ६ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आणि जुन्या डीएसएलआरवर ते हात सहज येतात!

पैसे आधी माउंटवर, म्हणजे ताऱ्यांच्या मागे दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडवर घाला, दुर्बिणीवर नंतर. ७५० मिमी फोकल लेन्थला गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत सुधारणं) नसेल तर तारे लांबट होतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईत ध्रुवतारा जेमतेम १८-१९ अंशांवर असतो, म्हणून पोलर अलाइनमेंटसाठी, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखण्यासाठी, उत्तरेला बिल्डिंग किंवा डोंगर आड येणार नाही अशी जागा बघा.

आता खरी गोष्ट. या जोड्यांमधली मजा असते ती ओढाताणीत बाहेर फेकल्या गेलेल्या अंधूक ताऱ्यांच्या पट्ट्यांमध्ये, आणि त्या आणायच्या तर एक्स्पोजरचा एकूण वेळ वाढवण्याला पर्याय नाही, चौपट वेळ दिला तरी सिग्नल नॉइजच्या तुलनेत दुप्पटच सुधारतो. दीर्घिकेचा प्रकाश सगळ्या रंगांचा असतो त्यामुळे नॅरोबँड फिल्टर (ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारा) इथे फारसा कामाचा नाही, तो खर्च पेट्रोलवर करा आणि अमावस्येच्या आसपास शहराबाहेर जा. एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास एम ५१ उत्तरेला ६० अंशांवर असते.

फ्लॅट (धुळीचे डाग आणि कडांचा अंधार नंतर काढायला लागणारे एकसारख्या उजेडाचे फोटो) घेतल्याशिवाय दुर्बीण आवरू नका, पहाटेच्या आकाशाकडे रोखून दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणला की झालं, फक्त कॅमेरा आणि फोकस हलवायचा नाही. स्टॅकिंगला, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून एक करायला, सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे. प्रोसेसिंगमध्ये बॅकग्राउंड पार काळं करू नका, त्या पट्ट्या तिथेच असतात, तुम्हीच पुसून टाकाल.

एम ५१ जमली की हस्त नक्षत्रातल्या एनजीसी ४०३८ आणि ४०३९ घ्या, अँटेनी म्हणतात त्या. लंडनवाल्यांना ही जोडी २० अंशांच्या आतच मिळते, पुण्यातून ५० च्या वर येते.