पंप परत बसवल्यावर आवाज येतोय? लगेच नवीन पंप मागवू नका

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स करून जी मुलं गोव्यात डिचोली, म्हापसा, फोंडा इकडच्या गॅरेजात लागतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक तक्रार तुमच्याकडे हमखास येणार. जुनी गाडी, कुणीतरी फ्युएल पंप काढला, टाकी साफ केली, परत बसवला आणि त्या दिवसापासून मागच्या सीटखालून आवाज. गाडी चालते, पिकअप पण ठीक, फक्त आवाज. आणि गॅरेजात पहिला शब्द निघतो तो "पंप गेला". अरे पण काढायच्या आधी तो गपगुमान चालत होता ना? मग काढण्या-बसवण्यात काय बदललं ते आधी शोधायचं, गिऱ्हाइकाला हजारो रुपयांच्या पंपात घालण्याआधी.

गाडी कुठली ते आधी बघा. कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० असेल तर तिचा पंप टाकीत नसतोच, तो इंजिनवर असतो आणि कॅमशाफ्टच्या जोरावर चालतो, त्याची टकटक वेगळी आणि त्याचा विषयही वेगळा. २००० च्या आसपासपासून एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या वाढल्या, त्यांच्यात टाकीत बुडालेला इलेक्ट्रिक पंप असतो. मी बोलतोय तो याच्याबद्दल. हा पंप पेट्रोलमध्येच राहतो, पेट्रोल त्याच्या मोटरीतून वाहतं, तेच त्याला थंड ठेवतं आणि तेच त्याचं वंगण. हे एक वाक्य डोक्यात बसलं की अर्धं निदान जमलं.

आणि पंपाचा आवाज अजिबात येऊ नये असं नाही हं. चावी ऑन केली की साधारण दोन सेकंद मागून बारीक गुणगुण येते आणि थांबते, ते प्रेशर भरणं असतं. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गाडीची चावी फिरवताना ती गुणगुण मुद्दाम ऐका, दुसऱ्या कामासाठी आलेली गाडी असली तरी. महिन्या-दोन महिन्यांत कान तयार होतो, हे पुस्तकात मिळत नाही.

सीटखालचं पंपाचं झाकण उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारा. टाकीत पेट्रोल किती आहे? ह्या एका प्रश्नावर कितीतरी गाड्या सुटतात, कारण टाकी साफ करताना सगळं काढतात आणि परत घालताना दोन-तीन लिटर घालून गाडी देऊन टाकतात. पंपाच्या तोंडाला पेट्रोल गाळणारी जाळी असते, तिला पेट्रोल पुरत नाही, मग पंप हवा ओढतो आणि चिरक्या आवाजात रडतो. दहा-बारा लिटर घालून ऐका. मग विचारा की आवाज चावी फिरवल्या फिरवल्या येतो की अर्धा तास चालवल्यावर. साखळीहून चोर्ला घाट चढताना वाढत असेल आणि सपाटीला कमी होत असेल तर पेट्रोल टाकीत मागे सरकतंय आणि जाळी उघडी पडतेय. बराच वेळ चालवल्यावर वाढत असेल तर पेट्रोल भरायचं झाकण उघडून बघा, सुस्स करून हवा आत गेली आणि आवाज बसला तर टाकीचा श्वास बंद आहे, म्हणजे व्हेंटची नळी बसवताना दबलीय नाहीतर चोंदलीय. पंपाला हातही लावायची गरज नाही.

आता आवाज कसला आहे ते. सगळे आवाज सारखे नसतात आणि नवीन मुलं इथंच गडबडतात. चिरका, बारीक, कमीजास्त होणारा आवाज म्हणजे पंपाला प्यायला मिळत नाही, जाळी चोंदली किंवा दुमडली. सलग घूंऽऽ असा आवाज जो सीटच्या पत्र्याला हात लावल्यावर हाताला जाणवतो, तो बहुतेक वेळा पंपाचा नसून पत्र्याचा असतो, पंप कुठंतरी धातूला टेकलाय आणि त्याची थरथर बॉडीत उतरतेय. खरखर, दळल्यासारखी, ती मात्र पंपाच्या आतली झीज. आणि आत बुडबुडे, फवारा उडाल्यासारखं ऐकू आलं तर पंपापासून झाकणापर्यंतची छोटी नळी सैल आहे, पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत सांडतंय.

मागं एका सरांची जुनी हॅचबॅक आमच्याकडे आली होती, चवथीच्या आधीच्या गर्दीत. पावसात टाकीत पाणी गेलं म्हणून दुसरीकडे पंप काढून टाकी धुतलेली, आणि त्यांना सांगितलेलं की आता पंप बदला. आमच्या मेस्तांनी, म्हणजे हेड मेकॅनिकनी, पंप बाहेर काढायला लावला आणि मला म्हणाले, "आधी नुसतं बघ, काही सोडू नको." बघितलं तर पंपाच्या बुडाखालचं रबर गायब, पंप सरळ ब्रॅकेटच्या पत्र्यावर बसलेला, आणि जाळी उलट्या दिशेला फिरवून घुसवलेली त्यामुळे टाकीच्या भिंतीला लागून दुमडलेली. म्हणजे दोन आवाज एकात एक. रबर घातलं, नवी जाळी योग्य दिशेला लावली, पंप तोच. सर चावी फिरवून दोनदा मागं वळून बघत होते, चालू झाला की नाही म्हणून.

बसवणीत सगळं ठीक दिसलं तर मीटर घ्या. पंप चालू असताना, लोडवर, त्याच्या कनेक्टरला किती व्होल्ट पोचतात ते बघा, आणि बॅटरीचा निगेटिव्ह व पंपाची अर्थ (बॉडीला जोडलेली वायर) यांच्यामध्ये मीटर लावा. तिथं पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंग खराब. आपल्याकडं पावसाळा, दमट हवा आणि किनाऱ्याला खारं वारं, कळंगूट-हरमलकडच्या गाड्यांचे अर्थचे बोल्ट मी हिरवे-पांढरे झालेले बघितलेत. पण एक लक्षात ठेवा, कनेक्टर आणि अर्थ घासून स्वच्छ केल्यावर पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि तो आधीपेक्षा थोडा जोरात फिरतो, थोडा जास्त ऐकू येतो. तो दोष नाही, गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. आणि कुणी सुटा पंप बदलताना वायरी उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते, आवाज भरपूर आणि प्रेशर नाही, हेही बघून घ्या.

क्लँप मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा) असेल तर फारच छान. बऱ्याच छोट्या गाड्यांत पंप साधारण ३ ते ६ अँपिअर घेतो. जास्त घेत असेल तर त्याला जोर पडतोय, बाहेरचा फिल्टर चोंदलाय किंवा रिटर्नची नळी (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी) बसवताना दबली. फार कमी घेत असून आवाज चढा असेल तर तो हवेत फिरतोय. मग प्रेशर गेज लावा, बहुतेक गाड्यांत अडीच ते तीन बारच्या आसपास असतं पण तुमच्यासमोरच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा, अंदाजावर जाऊ नका. इंजिन बंद केल्यावर काटा लगेच खाली पडला तर नळी, पंपाचा व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर यापैकी काहीतरी गळतंय.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट बघतोय. इथेनॉल टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सोडवतं, ती सगळी जाळीवर येऊन बसते, आणि ते पाणीही शोषून घेतं. त्यामुळे जुनी जाळी धुऊन परत लावू नका, नवीच लावा. आतली नळी पण साधी रबरी नको, पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेली वेगळी नळी मिळते तीच मागा, साधी नळी बाहेरून फुगते आणि काही महिन्यांत क्लिपमधून सुटते.

हे सगळं करताना जिवाची काळजी, आणि हे मी कळकळीनं सांगतोय. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या खालीसुद्धा पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचते. म्हणून पंपाचं काम पिटवर करू नका, उघड्यावर करा. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पिवळा बल्ब लोंबकळत ठेवू नका, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. बाहेर काढलेला पंप "चालतो का बघूया" म्हणून बॅटरीला लावून सुका फिरवू नका. वंगण नसतं म्हणून पंप खराब होतो आणि ठिणगी उडाली तर त्याहून वाईट.

परत बसवताना पंपाच्या झाकणाची ओ-रिंग (गोल रबरी सील) नवी, खोबणीत नीट बसलेली, झाकण धरणारी रिंग आवळताना झाकण सरकू द्यायचं नाही. चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून प्रेशर भरून घ्या, मग सेल्फ मारा. वास घ्या, ओल बघा, त्यानंतरच सीट लावा.

पहिल्या पगारातून काय घ्यायचं असं मुलं विचारतात. चांगला मल्टीमीटर घ्या, आणि जमेल तेव्हा फ्युएल प्रेशर गेज. पान्यांचा सेट गॅरेजात असतोच, पण मीटर स्वतःचा असला की लोडवर व्होल्टेज मोजायची सवय लागते, आणि इंजेक्शनच्या गाड्यांवर काम शिकायचं तर वायरिंगला घाबरून चालत नाही.