खाडीत होडी रुतू नये म्हणून तिथीचा हिशेब

कोकणातल्या उथळ खाडीत गळ टाकायला गेलं की मासे लागायला आणि पाणी उतरायला एकच गाठ पडते. मग होडी चिखलात, आणि पुढची भरती येईपर्यंत डास मारत बसा. त्यामुळे निघायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा.

१. कॅलेंडरवर तिथी बघा (शुद्ध असो वा वद्य). तिला ३ने गुणा, ४ने भागा. आली भरतीची वेळ. दशमी असेल तर ३० भागिले ४, म्हणजे सकाळी साडेसात. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

२. भरतीच्या दोन तास आधी, चढत्या पाण्याबरोबर आत शिरा.

३. पूर्ण भरतीनंतर दीड-दोन तासांत खोल पात्रात परत या. दशमीला साडेनऊ म्हणजे शेवट. पाणी सुरुवातीला रेंगाळत उतरतं, पण तिसऱ्या-चौथ्या तासाला झपाट्याने ओसरतं. 'अजून एक गळ टाकू' म्हणणारा सोबती असेल तर त्याला नऊच सांगा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणखी लवकर फिरा. अष्टमीच्या आसपासची भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, नवख्यांना बरी.

हा अंदाज अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, खाडीत आत तर भरती उशिराच पोचते. नव्या ठिकाणी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघाच.