‘नाही’ लिहिलं तरी ट्रू? मजकुराचं बूलियन करताना या चुका टाळा

बेळगावातल्या एका पतसंस्थेसाठी मी सभासदांना एसएमएस पाठवणारी पायथन स्क्रिप्ट लिहिली होती. यादीत ‘एसएमएस हवा का?’ असा रकाना होता. ज्यांनी ‘नाही’ लिहिलं त्यांनाही एसएमएस गेले. चूक माझीच: रकान्यातला मजकूर मी सरळ ‘बूल’ला, म्हणजे ट्रू (खरं) की फॉल्स (खोटं) एवढंच सांगणाऱ्या फंक्शनला, दिला होता.

बूल शब्दाचा अर्थ बघत नाही, मजकूर रिकामा आहे का एवढंच बघतं. त्यामुळे ‘फॉल्स’ हा शब्द, मजकूर म्हणून लिहिलेला शून्याचा आकडा, अगदी नुसती एक स्पेससुद्धा ट्रू ठरते. जावास्क्रिप्टचं ‘बूलियन’ही असंच वागतं. पीएचपीत मात्र मजकूर म्हणून दिलेला नुसता इंग्रजी शून्य फॉल्स धरला जातो, आणि ‘फॉल्स’ हा शब्द ट्रू! जावाचं ‘पार्सबूलियन’ उलट्या बाजूनं फसवतं. लहान-मोठ्या अक्षरांत ‘ट्रू’ सोडून काहीही दिलं, तर कुठलीही एरर न देता फॉल्स मिळतं. ‘येस’ही फॉल्स, आणि पुढे एक स्पेस राहिलेलं ‘ट्रू’ही.

पायथनवाले ‘डिस्टयूटिल्स’ मॉड्यूलमधलं, मजकुराचं ट्रू-फॉल्स करणारं ‘स्ट्रटूबूल’ सुचवतात. ते मॉड्यूल पायथन ३.१२ पासून काढून टाकलं आहे. कमांड लाइनवरचे पर्याय वाचणाऱ्या आर्गपार्सला टाइप म्हणून बूल देऊ नका, ३.९ पासूनचं ‘बूलियन ऑप्शनल ॲक्शन’ वापरा.

आपल्या भागातली खरी अडचण पुढेच आहे. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या एकाच यादीत कुणी ‘होय’ लिहितं, कुणी ‘हो’, कुणी कन्नडमध्ये ‘हौदु’, कुणी इंग्रजी वाय. नकारासाठी ‘नाही’, ‘नको’, ‘इल्ला’, ‘बेडा’. ही माणसं बरोबरच लिहितात, आपला कोड अपुरा असतो. म्हणून होकाराचे आणि नकाराचे शब्द दोन संचांत स्वतः लिहून काढा, कन्नड शब्द कन्नड लिपीतच. तुलनेआधी कडेच्या स्पेस काढा, इंग्रजी अक्षरं लहान करा. देवनागरी १ आणि इंग्रजी एक हे मजकूर म्हणून वेगळे आहेत, दोन्ही घाला. फोनेटिक कीबोर्डवरून कधी न दिसणारे झिरो-विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारी, रुंदी नसलेली चिन्हं) येतात. कडेच्या स्पेस काढणारं ‘स्ट्रिप’ ते काढत नाही, वेगळे काढावे लागतात.

दोन्ही संचांत न बसणारा शब्द आला, तर त्याला गुपचूप फॉल्स करू नका. एरर द्या, नाहीतर ‘नन’ (पायथनमधलं ‘काहीच नाही’) परत करून ती ओळ वेगळ्या फाइलमध्ये काढा. माझ्या स्क्रिप्टमध्ये आता असंच आहे. त्या फाइलमध्ये पहिल्याच दिवशी ‘मुलाच्या नंबरवर पाठवा’ असं उत्तर सापडलं.