गेलेल्या माणसाची वही कशी करावी

अण्णा गेले तेव्हा तेराव्यापर्यंत घरात माणसांची रीघ होती. जो तो म्हणायचा, "देवमाणूस होता." मी मान हलवायची. महिन्याभरानं लिहायला बसले तर हातात तेवढा एकच शब्द. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर, तापट, आणि देवळात वर्षातून एकदा, तेही आई मागं लागली तर.

म्हणून सांगते, तुमच्या घरचं कुणी गेलं तर पहिल्याच आठवड्यात दोनशे पानी वही आणा आणि भेटायला येणारे बसतात तिथं पेन अडकवून ठेवा. गोष्टी त्या दिवसांत निघतात. नंतर जो तो आपापल्या कामाला लागतो.

"कसे होते हो?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं: प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख. त्यापेक्षा विचारा, शेवटचे कुठं भेटले होते? पैशाला कसे होते? तुमच्यावर कधी ओरडले का? या शेवटच्या प्रश्नाला माणसं खुलतात. कोल्हापूर–रत्नागिरी गाडीवर त्यांच्याबरोबर असलेल्या ड्रायव्हरकाकांना मी तो विचारला. आधी "छे छे" झालं, मग चहा निवला तरी बोलत राहिले. पावसाळ्यात आंबा घाटात धुकं दाटलं की अण्णा बॅटरी घेऊन खाली उतरायचे आणि गाडीपुढं चालायचे. एकदा काका वैतागून म्हणाले, "बसा आत, दिसतंय मला." तर अण्णा खेकसले, "तुला दिसतंय रं, पण चाळीस माणसं माझ्या वे-बिलावर हायत!" (वे-बिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद.)

सांगणाऱ्याचे शब्द सुधारू नका. मी पहिल्यांदा "आहेत" लिहिलं होतं. वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "हे कोण बोलतंय?"

जुन्या माणसांना साल विचारून उपयोग नाही. "कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?" असं विचारा. तो ११ डिसेंबर १९६७ चा. आमच्याकडच्या त्या वयाच्या कुणालाही त्या पहाटे आपण कुठं होतो ते सांगता येतं. नाहीतर बहात्तरचा दुष्काळ आहेच. आत्यानं असंच अण्णांच्या नोकरीचं साल काढून दिलं: "दुष्काळ होता, पहिल्या पगाराची ज्वारी आणली त्यानं." जन्मसाल मात्र आम्हाला तोंडपाठ. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, अण्णाही त्याच सालचे, त्यामुळं स्वतःला ते "पहिल्या गाडीचा" म्हणायचे.

फोनचं काम लांबवू नका. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरला नाही तर बंद पडू शकतो, आणि व्हॉट्सॲपचं खातं साधारण एकशे वीस दिवस पडून राहिलं की जातं. आवाजाचे मेसेज आधी दुसरीकडं काढून ठेवा. मी अण्णांचा फोन दुरुस्तीला दिला, तो कोरा होऊन परत आला. आता माझ्याकडं त्यांचा अकरा सेकंदांचा आवाज आहे. "येताना कोथिंबीर आण, जुडी बघून घे," एवढाच.

फोटोंमागं नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीनं, बॉलपेन पुढं उमटतं. ट्रंक मात्र एकट्यानं उघडू नका. अण्णांच्या ट्रंकेत तिकिटाला भोक पाडायचा पंच निघाला आणि त्याखाली एक खिशातली डायरी. मला ती हिशेबाची वाटली, रद्दीत जायची. आईनं ओळखली. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागं बाकी लिहून देतो आणि उतरताना ती घ्यायची, हे आपण सगळ्यांनी केलंय. काही जण घ्यायचे विसरतात. जास्तीची रक्कम डेपोत भरावीच लागे, तरी ओळखीचा चेहरा असेल तर अण्णा ती बाकी डायरीत टिपत आणि पुढच्या फेरीला खिशातून देत. "मलकापूर, चष्मेवाली आजी, १.५०." पुढं निळ्या पेन्सिलीची आडवी रेघ, म्हणजे दिले. आई यावरून कडाकडा भांडायची, घरात पोरांच्या वह्यांना पैसे नसायचे. ते भांडणही मी वहीत लिहिलंय. धाकटा म्हणाला, गाळ. मी नाही गाळलं.

वर्षश्राद्ध तिथीनं येतं, म्हणजे बहुधा तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी; अधिक महिना आला तर पुढं जातं. तेवढ्यात एक पान वाचण्याजोगं करा. सगळी वही वाचू नका, जेवणं खोळंबतात. मी घाटातली गोष्ट वाचली. तेव्हा मागं बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "बॅटरी नव्हती, कंदील होता." तेही खाली लिहून घेतलं.

डायरीतल्या बहुतेक नोंदींवर रेघ आहे. तीन राहिल्यात. त्यातली एक, "साखरपा, दूधवाला पोरगा, ०.७५." पुढं अर्धं पान सोडलंय. साखरप्याला जायचंय अजून.