डिफ्रॅक्शनचा कच्चा डेटा जपताना या चुका टाळा

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की डिटेक्टरवर ठिपक्यांच्या इमेजेस मिळतात. हाच डिफ्रॅक्शनचा कच्चा डेटा, आणि त्यावरूनच प्रथिनाची रचना काढतात. मागच्या पावसाळ्यात लॅब आवरताना कपाटात एक हार्ड डिस्क सापडली. वर सेलोटेप, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं: 'फायनल डेटा, नवीन'. आत एकाच प्रथिनाचे सात डेटासेट, आणि सातपैकी एकही उघडेना. डिस्क मात्र ठणठणीत.

घोळ नावांत होता. आयगर डिटेक्टर (क्ष-किरणांचा कॅमेराच) दर स्कॅनला, म्हणजे स्फटिक फिरवत घेतलेल्या इमेजेसच्या एका मालिकेला, एक मास्टर फाईल आणि तिच्या जोडीला डेटाच्या बऱ्याच फायली लिहितो, सगळ्या एचडीएफ५ या फाईल-स्वरूपात. मास्टरमध्ये इमेजेस नसतात. प्रयोगाची माहिती असते, आणि इमेजेस कोणत्या नावाच्या फायलीत आहेत याचा पत्ता. 'टेस्ट३' हे नाव बरं दिसत नाही म्हणून आमच्यातल्या एकानं (मीच तो) सगळ्या फायलींना प्रथिनाचं नाव देऊन टाकलं. फायली नव्या नावाच्या, मास्टरमधला पत्ता जुना. असं झालंच तर मास्टर फाईल एच५डंप या एचडीएफ५ वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं वाचा. आतल्या लिंकमध्ये जुनी नावं जशीच्या तशी मिळतात, ती परत द्या. आणि बारसं करायची हौस असेल तर फोल्डरचं करा, फायलींना हात लावू नका.

नावं बरोबर असूनही चित्र दिसत नसेल, तर बहुतेक वेळा बिटशफल-एलझेड४ कॉम्प्रेशनचं प्लगइन तुमच्या मशीनवर नसतं. फाईल खराब झाली म्हणून लगेच हळहळू नका. या फायली आधीच दाबलेल्या असतात, त्यामुळे त्यांना वर झिप करूनही जागा फारशी वाचत नाही.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: 'कच्चा डेटा ना? पीडीबीत टाकलाय की.' नाही टाकलेला. पीडीबीनं (प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह) २००८ पासून स्ट्रक्चर फॅक्टर, म्हणजे ठिपक्यांच्या तीव्रतेवरून मिळणारे आकडे, सक्तीचे केले, पण ते इमेजेसवरून काढलेले आकडे आहेत. ठिपक्यांमधला अंधुक विखुरलेला प्रकाश, दुसऱ्या स्फटिकाचे घुसलेले ठिपके, बर्फाची कडी, तुम्ही रिझोल्यूशन जिथे कापलं त्यापलीकडचा भाग, यातलं काहीही त्यात उरत नाही. २००६ मध्ये जेफ्री चँग यांच्या गटाला एमएसबीए आणि इतर ट्रान्सपोर्टर (पेशीच्या पडद्यातून पदार्थ वाहून नेणाऱ्या) प्रथिनांवरचे पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. इमेजेस चुकीच्या नव्हत्या. डेटावर प्रक्रिया करणाऱ्या घरगुती प्रोग्रॅममध्ये चिन्हाची उलटापालट झाली होती. प्रक्रिया केलेला डेटा तेवढाच जपला, तर अशी चूकसुद्धा त्याच्यासोबत जपली जाते.

इमेजेस आहेत, उघडतातही, पण इंडेक्सिंग (कोणता ठिपका स्फटिकाच्या जाळीत कुठला, हे ठरवणं) होत नाही? मग आधी हेडरवर, म्हणजे इमेजसोबत लिहिलेल्या माहितीवर, संशय घ्या. पिलाटस ६एम डिटेक्टरचं उदाहरण घेऊ. तो २४६३ बाय २५२७ पिक्सेलचा, पिक्सेल ०.१७२ मिलिमीटरचा. बीम बरोबर मध्यावर पडला तर बीम सेंटर (थेट किरण जिथे पडतो तो बिंदू) साधारण २११.८ आणि २१७.३ मिलिमीटर. दोन्ही आकडे इतके सारखे की एक्स-वायची अदलाबदल झाली तरी डोळ्यांना खटकत नाही. फरक साडेपाच मिलिमीटरचा, म्हणजे ३२ पिक्सेल. तरंगलांबी १ अँगस्ट्रॉम, डिटेक्टर ३०० मिलिमीटरवर आणि सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्याची) बाजू १०० अँगस्ट्रॉम असेल तर शेजारचे दोन ठिपके जेमतेम ३ मिलिमीटरवर असतात. म्हणजे प्रोग्रॅम ठिपके मोजताना घरच चुकतो. कधी इंडेक्सिंग साफ फसतं. कधी फसतही नाही, ते जास्त वाईट: सेल ठीक दिसतो, पण सिमेट्री लावली की सारखे असायला हवेत ते आकडे जुळत नाहीत आणि माणूस आठवडाभर स्फटिकाला दोष देत बसतो. अदलाबदल का होते? कारण बीम सेंटर कुठून आणि कोणत्या अक्षावर मोजायचं, याची प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत वेगळी.

दुसरा लपलेला चोर म्हणजे फिरण्याची दिशा. काही बीमलाईनवर (सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण मिळण्याची जागा) गोनिओमीटर, म्हणजे स्फटिक फिरवणारं यंत्र, नेहमीच्या उलट फिरतो. लक्षण ओळखीचं आहे: एका इमेजवर सगळं जुळतं, पुढे सरकलं की भाकीत केलेले ठिपके खऱ्यांपासून दूर जात राहतात. तुम्हाला बीमलाईनवरच्या माणसानं हे तोंडी सांगितलेलं असतं. पाच वर्षांनी डेटा उतरवून घेणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवा: बीमलाईन, तारीख, तरंगलांबी, अंतर, बीम सेंटर (मिलिमीटर की पिक्सेल तेही), अक्ष, दिशा, दर इमेजचा कोन. आणि ज्या सेटिंगनं प्रक्रिया जमली ती इनपुट फाईलही शेजारी टाका. माझ्या मते लांबलचक रीडमीपेक्षा ही चालणारी इनपुट फाईल जास्त कामाची.

ठेवायचं कुठे? सर्न या संशोधन संस्थेचं झेनोडो हे डेटा-भांडार फुकट आहे आणि डीओआय (डेटाचा कायमचा ओळख-क्रमांक) देतं, पण एका नोंदीला ५० जीबी आणि १०० फायलींची मर्यादा आहे. पिलाटस दर इमेजला एक फाईल लिहितो, १८०० इमेजेस म्हणजे १८०० फायली. तेव्हा टार (अनेक फायलींची मिळून एक फाईल) करावंच लागतं. दर डेटासेटचा वेगळा टार करा. सगळ्यांचं एकच गाठोडं बांधलंत तर एका स्कॅनसाठी लोकांना अख्खं गाठोडं उतरवावं लागतं. प्रथिनांसाठी एसबीग्रिड आणि जपानच्या पीडीबीजेचं एक्सआरडीए हेही पर्याय आहेत. लायसन्सचा रकाना रिकामा सोडू नका, आणि मिळालेला डीओआय पीडीबीच्या नोंदीत भरा. तिथे त्यासाठी जागा आहे, ती फक्त कुणी भरत नाही.

सगळं चढवलं की शेजारच्या लॅबमधल्या कुणाला तरी नुसता डीओआय द्या आणि गप्प बसा. त्याचा पहिला फोन कशासाठी येतो ते तुमच्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहा.

चेकसम (फाईल जशीच्या तशी आली का ते तपासायचा आकडा) मात्र डेटा बीमलाईनवरून हलवण्याआधीच काढा, घरी आल्यावर नव्हे. त्या सेलोटेपवाल्या डिस्कवरचे पाच डेटासेट जुनी नावं दिल्यावर उघडले. उरलेल्या दोघांच्या शेवटच्या फायली कॉपी होतानाच अर्धवट राहिल्या होत्या. हे कळलं तोवर तिकडची मूळ प्रत पुसली गेली होती.